'माशी शेवटी माशीच राहते' वाल्या फॉरवर्डबद्दल

आमच्या टेकडीवर फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर परवापासून उत्क्रांतीविरुद्धचा एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे कितीही पिढ्या जाऊदे माशी माशीच राहते, दोन प्रजातींचा संकर होऊच शकत नाही, आणि नवीन प्रजाती तयार होताना आजवर कुणी पाहिलेली नाही. लोक हे मुलांनाही पाठवतायत म्हणून लिहितेय.

शेवटी माशीच? अहो माशी ही एक प्रजाती नाहीच, डास धरून या गटात साधारण दीड लाख प्रजातींची नोंद झालीय. सासवडजवळ मामाच्या पेरूच्या बागेत फळमाशीचा सापळा मी स्वतः उघडून पाहिलाय, तळाशी मेलेल्या माशांचा थर आणि सगळे नर, कारण आत मिथाईल युजेनॉलचा वास असतो आणि त्याला नरच येतात. शेजारच्या कारल्याच्या मांडवात हा सापळा चालत नाही, तिथे क्यू ल्यूर नावाचा दुसरा वास लागतो कारण तिथली फळमाशी वेगळ्या प्रजातीची. आपल्याला दोन्ही माशाच.

संकराचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात दोन फळमाशा आहेत, भाग तोच, फळंही बरीचशी तीच, पण एकीचं मीलन भर दुपारी होतं आणि दुसरीचं संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर. प्रयोगशाळेत त्यांचा संकर होतो, पिल्लावळही वांझ नसते, तरी बाहेर त्या वेगळ्याच राहतात. म्हणजे मधली भिंत म्हणजे मुख्यतः घड्याळातले काही तास! प्रजाती वेगळी व्हायला संकर अशक्यच व्हावा लागतो असं नाही, निसर्गात तो होईनासा झाला तरी पुरतं.

आता कुणी पाहिलं नाही हा मुद्दा. (लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या डासाचं उदाहरण आपल्याच बाजूचे लोक देतात, ते प्लीज देऊ नका, तो डास तिथे तयार झालेला नाही, त्या रेल्वेपेक्षा कितीतरी जुना आहे हे २०२५ मधे जनुकांवरून दाखवलंय.) खरं उदाहरण अमेरिकेतलं. तिथली एक माशी हॉथॉर्न नावाच्या जंगली फळात अंडी घालायची. सफरचंद युरोपातल्या लोकांनी तिकडे नेलं, आणि १८६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हडसन खोऱ्यात सफरचंदात हिच्या अळ्या सापडायला लागल्या, बेंजामिन वॉल्श या कीटकशास्त्रज्ञांनी १८६७ मधेच लिहिलं की खाणं बदलल्याने हिच्यात फूट पडत असावी. कारण नर-मादी भेटतात ते फळावरच. सफरचंद तीनेक आठवडे आधी पिकतं आणि माशी जगते जेमतेम महिनाभर, त्यात जिला ज्या फळाचा वास आवडतो ती तिकडेच जाते, मग भेट होणार कशी! अजून दर पिढीला ४ ते ६ टक्के सरमिसळ होते, त्यामुळे त्या पूर्ण वेगळ्या प्रजाती झाल्यात असं मी म्हणत नाही, पण अर्धी वाट डोळ्यादेखत चाललीय.

आणि या अळ्यांमधे स्वतःची अंडी घालणारी एक बारकी गांधीलमाशी आहे, तिचंही मीलन फळावरच होतं, तर आता तिच्यातही सफरचंदवाली आणि हॉथॉर्नवाली अशी फूट पडायला लागलीय.