बाटल्यांच्या पुढचं सुराबाया

तुमच्या लेखात इंडोनेशियातल्या सुराबाया शहराच्या सिटी बसबद्दल प्लास्टिकच्या बाटल्या देऊन तिकीट मिळतं एवढंच आलंय, ते भारीच आहे, २०१८ ला ही सुरोबोयो बस सुरू झाली तेव्हा ३ मोठ्या बाटल्या दिल्या की २ तास फिरता यायचं. पण खरा प्रश्न घरापासून स्टॉपपर्यंत जायचं कसं हा आहे ना. तिथे जवळपास प्रत्येकाकडे बाईक, गल्लीबोळात फिरणाऱ्या जुन्या शेअर व्हॅन, त्यांना तिथे बेमो म्हणतात, त्या कमी होत गेल्या आणि मोठी बस मेन रोडवरच. म्हणून मला विरा विरी नावाच्या छोट्या फीडर गाड्या, म्हणजे मोठ्या बसपर्यंत नेऊन सोडणाऱ्या, जास्त महत्त्वाच्या वाटतात, त्यावर लेखात एक ओळ तरी हवी होती!!

आणि सुरामादू पूल राहिलाच की. सुराबायाला मदुरा बेटाशी जोडणारा ५.४ किमीचा पूल, २००९ ला झाला, बाईकला वेगळी लेन, २०१८ पासून टोल पण नाही. फेरीबोटीची गर्दी त्याने ओढून घेतली, पण ज्याच्याकडे गाडी नाही अशा मदुराच्या माणसाला थेट सिटी बस किती वेळाने मिळते? यावर पुढचा लेख लिहा प्लीज.