जठराच्या लहरी: एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जठराच्या विद्युत लहरींवरच्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वाचनात ‘घरबसल्या शरीरशास्त्र’ आणि ‘व्हॉट्सअॅपी ज्ञान’ याखेरीज काही दिसलंच नाही. मुद्दा सरळ मांडला असतात तर उत्तरही सरळ मिळालं असतं.

‘जठर या विद्युत लहरींच्या तालावर मिनिटाला तीनदा हलतं’ असं लिहून मी वाचकांची दिशाभूल केली, कारण लहर म्हणजे आकुंचन नव्हे, असं तुमचं म्हणणं. अहो, नव्हेच! ठेका चालू आहे म्हणून गवई प्रत्येक मात्रेला गातो का? जठराच्या वरच्या भागात, मोठ्या वक्रतेजवळच्या (म्हणजे बाहेरच्या फुगीर कडेजवळच्या) काहाल पेशींतून, म्हणजे जठराच्या भिंतीतल्या ताल धरणाऱ्या पेशींतून, साधारण दर 20 सेकंदांनी एक लहर निघते आणि खालच्या दाराकडे सरकते. पोट रिकामं असो की भरलेलं. जेवणानं जठर ताणलं, चेतातंतूंनी असिटिलकोलिन हे निरोप्या रसायन सोडलं की त्याच लहरीवर स्नायुपेशीतला विद्युतदाब आणखी चढतो, कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आवळतो. नाहीतर लहर नुसतीच येऊन जाते. आवळायचं की नाही हे ती ठरवत नाही. आवळायचंच तर केव्हा, आणि मिनिटाला फार तर किती वेळा, हे तीच ठरवते. हे सगळं त्याच लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. तुम्ही बहुधा दुसऱ्यावरच थांबलात.

आणि तीनचा आकडा काही मी स्वयंपाकघरात बसून काढलेला नाही. अमेरिकी डॉक्टर वॉल्टर अल्व्हारेझ यांनी 1922 साली जठराचा विद्युत आलेख प्रसिद्ध केला, तो एका कृश वृद्धेच्या पोटावरून घेतलेला. तिच्या पोटाची भिंत इतकी पातळ होती की जठराची हालचाल बाहेरून डोळ्यांना दिसत होती. आलेखातही मिनिटाला तीनच लहरी.

माझी पात्रता काढलीत म्हणून सांगते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात माझी सगळी नोकरी झाली. काजळी धरलेला फिरता ड्रम, त्यावर टेकलेली लेखणी, कोमट द्रावणात टांगलेला सशाच्या आतड्याचा तुकडा. मेंदूशी संबंध तुटलेला, तरी तो आपला डुलत राहायचा आणि लेखणी पांढरी नागमोडी रेघ ओढत जायची. असिटिलकोलिनचा थेंब पडला की रेघ सरकन वर. ते आतडं होतं, जठर नव्हे, हे तुम्ही सांगण्याआधीच सांगून टाकते.

एक मान्य. जठराच्या अगदी वरच्या घुमटात, म्हणजे फंडसमध्ये, या लहरी नसतात, हे लिहायला हवं होतं. लेखात भर घातली आहे.

काहाल पेशींबद्दल ‘उंदरांवरचे प्रयोग माणसाला लावू नका’ असंही तुम्ही म्हणता, यावर काय बोलणार? मधुमेहात जठर मंदावलेल्या रुग्णांमध्येही काहाल पेशी घटलेल्या आढळतात. ती माणसंच आहेत. पोटावर इलेक्ट्रोड लावून होणाऱ्या तपासणीचा दवाखान्यात उपयोग किती, हा वाद जुना आहे आणि माझ्या लेखाचा विषय तो नव्हताच.

यापुढेही लिहा, छापेन. फक्त चौथा परिच्छेद वाचून, आणि खाली नाव घालून.