जागा मालकाची, म्हणून कॅमेरा कुठेही? अजिबात नाही

सांगली-कुपवाडच्या व्यापारी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. जागा मालकाची, कॅमेरा मालकाचा, म्हणून तो कुठेही लावता येतो. कामगारांना विचारायची-सांगायची गरज नाही. फुटेज मालकाचं, ते कुणालाही दाखवा. आणि चोरी दिसली की कोर्टात तेवढं पुरतं. मी कॅमेरे बसवायचं काम करतो. हाच मेसेज पुढे करून गिऱ्हाईक नको त्या जागी कॅमेरा मागायला लागलेत, म्हणून लिहितोय.

आधी ते 'कुठेही'. तासगावकडच्या एका बेदाणा शेडमध्ये निवडणीला बायका येतात. कोपऱ्यात दोरीवर बारदान टाकून आडोसा केलेला. तिथे त्या घरची साडी बदलून कामाची नेसतात, वर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. मालकांना कॅमेरा नेमका त्या कोपऱ्यावर हवा होता, कारण माल तिथूनच जातो असा त्यांचा संशय. मी शिडीवर असताना एका मावशींनी वर बघून विचारलं, "दादा, ह्यात आमी दिसतोय व्हय?" मी खाली उतरलो.

मालकांचा त्रास खोटा नव्हता. बेदाणा महाग आणि ओंजळभर सहज खिशात जातो. पण भारतीय न्याय संहितेचं कलम 77 बाईचं अशा खासगी क्षणी चित्रण करणं हाच गुन्हा मानतं. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर 1 ते 3 वर्षं कैद आणि दंड, पुन्हा झाला तर 3 ते 7 वर्षं. 'फुटेज कुणी बघतच नाही' हा बचाव नाही. पुरुष कामगारांचं काय, असंही विचारतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई बाई-पुरुष भेद करत नाही. संमतीशिवाय कुणाच्याही गुप्तांगांचं चित्र टिपलं तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सातबारा कुणाच्या नावावर आहे हे ही कलमं विचारत नाहीत. शेवटी आम्ही एक कॅमेरा वजनकाट्यावर आणि एक बाहेर पडायच्या दारावर लावला. माल जायची वाट तीच.

'विचारायची गरज नाही' यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. खासगी कारखान्यातल्या कॅमेऱ्यांसाठी देशात वेगळा कायदा नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही नोकरीच्या कामासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरू देतो. पण ती सूट त्या कारणापुरतीच. चोरी थांबवायला लावलेल्या कॅमेऱ्यातून कोण कुणाशी बोलतं हे घरी बसून मोबाईलवर बघणं त्यात कसं बसणार? माईक मी बंदच करून देतो. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. माहिती नीट जपली नाही तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी ठेवली आहे. तेवढा दंड शेडवाल्याला कुणी करणार नाही. पण डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा, पासवर्ड कंपनीतून आला तसाच ठेवणाऱ्यांनी तो आजच बदलावा. आणि दारावर मराठीत पाटी लावावी. कायदा काहीही म्हणो, माणसाला आपण टिपले जातोय हे कळलंच पाहिजे.

'कुणालाही दाखवा' तर सरळ धोक्याचं आहे. संशयितावर लाल गोल करून क्लिप ग्रुपवर टाकली आणि तो निर्दोष निघाला, तर बदनामीचा खटला टाकणाऱ्यावर होऊ शकतो. फुटेज पोलिसांकडे द्या.

राहिला कोर्टाचा मुद्दा. नुसता पेनड्राइव्ह नेऊन भागत नाही. आपल्याच महाराष्ट्रातून गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2020 साली सांगितलं, की मूळ यंत्र हजर करत नसाल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली द्यायचं, त्यात तज्ज्ञाची सही आणि फाईलची हॅश व्हॅल्यूही येते, म्हणजे फाईल बदललेली नाही हे ताडायचा आकडा. शिवाय हार्डडिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावरच नवं चढवतो, त्यामुळे घटना कळली त्याच दिवशी कॉपी काढायची. कॉपी काढताना डीव्हीआरचं घड्याळ मोबाईलशी ताडून फरक लिहून ठेवा. मी दुरुस्तीला जातो तिथली बरीच घड्याळं पुढे-मागे असतात. फुटेजमध्ये चोरीची वेळ सव्वादहा आणि हजेरीपटावर तोच माणूस साडेदहाला आलेला, असं झालं तर समोरचा वकील तिथेच धरतो.