आक्कांनी वाय दाबला

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीत काल डेबियनचा (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर अपग्रेडला लावला आणि चहाला गेलो. परत येतो तर मालकांच्या मातोश्री कीबोर्डासमोर. आक्का म्हणजे गुळाच्या रव्याला नखानं टोकरून शेतकऱ्याचा चेहरा पाडणारी बाई.

"काय तरी इचारालतं त्ये. मी बसलोय म्हणून बरं. वाय दाबून टाकला."

"का पण?"

"वाय म्हंजे येस. दारात येऊन कुणी इचारलं तर न्हाई म्हणायचं व्हय?"

डीएनएसमास्क म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना पत्ते वाटणारा प्रोग्रॅम. त्याच्या कॉन्फिग फाइलचा, म्हणजे सेटिंगच्या फाइलचा, प्रश्न होता तो: जुनी काढून नवी बसवू का? फाइलला मी हात लावलेला नसेल तर डीपीकेजी, म्हणजे डेबियनचा पॅकेजं बसवणारा गडी, ती गुपचूप बदलतो. पॅकेजवाल्यानं लावलेला नसेल तर माझी ठेवतो. दोघांनीही लावला असेल तरच अडून बसतो, तोही डीफॉल्ट 'एन', म्हणजे 'नको', धरून. नुसतं एंटर दाबलं असतं तरी माझी फाइल वाचली असती! पण आक्का सुशिक्षित. नवी कोरी फाइल बसली, डीएचसीपी (पत्तेवाटप) बंद, प्रिंटरचा पत्ता गायब, शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या छापेनात, आणि बाहेर चार शेतकरी माझ्याकडेच बघतायत.

मी समजवायला गेलो. "समजा तुमच्या कांदा-लसूण चटणीत सुनेनं परस्पर..."

"तिची बिशाद हाय?"

"समजा हो."

"का समजू?"

मग स्वतःच म्हणाल्या, "जुनी टाकून दिली व्हय त्यानं?"

"नाही. डॉट डीपीकेजी-ओल्ड नावानं बाजूला ठेवली."

"मग रडालायस कशाला?"

रडत नव्हतो. डीपीकेजीच्या जागी दुसऱ्या लिनक्सांतले आरपीएम किंवा पॅकमन असते तर हा तमाशाच नव्हता. ते विचारत बसत नाहीत. बहुतेक वेळा तुमची फाइल तशीच ठेवून शेजारी नवी फाइल डॉट आरपीएमन्यू नाहीतर डॉट पॅकन्यू नावानं टाकून निघून जातात, उंबऱ्यावर ताट ठेवणाऱ्या शेजारणीसारखे. ते ताट सहा-सहा महिने कुणी उघडत नाही, ते वेगळं.

जुनी फाइल परत नावावर आणली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, प्रिंटर खडखडला. मालक म्हणाले, "पाच मिनिटांचं तर काम, त्याचं काय बिल लावता?" आणि अपग्रेडच्या पैशातूनही दोनशे कापले. शेतकऱ्यांचा खोळंबा झाला म्हणे. वाय कुणी दाबला यावर चकार शब्द नाही.

चिडून बाहेर पडलो. 'न विचारता जुनीच फाइल ठेव' असं डीपीकेजीला सांगणारा फोर्स-कॉन्फोल्ड हा पर्याय आधीच लावला असता तर प्रश्नच आला नसता, हे मात्र मी तिथं कुणाला सांगितलेलं नाही.