दोनदा उलटलेली गाय वांझ नसते

मागच्या आठवड्यात कारंजा (घाडगे) तालुक्यातून मामांचा फोन आला. त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारा एक लांबलचक संदेश त्यांनी मला आधीच पाठवला होता, आणि विचारायचे एवढेच होते, “अरे, इकून टाकू का तिले?” ही ‘ती’ म्हणजे त्यांची संकरित जर्सी गाय. तिची दोन वेते झाली आहेत, दोन्ही कालवडी कृत्रिम रेतनाच्याच आहेत, आणि या खेपेस ती दोनदा उलटली आहे, म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर आली आहे.

संदेशातले दावे असे: गोठवलेले बीज मेलेले असते, दोनदा उलटलेली गाय वांझ समजून विकावी, भरवल्यानंतर (रेतनानंतर) तिला बसू न देता दिवसभर उन्हात चालवावे, गाभण तपासणीने गर्भ पडतो, त्याऐवजी गोमूत्रात गहू भिजवून पाहावा (उगवला नाही तर गाय गाभण), आणि सुईपेक्षा, म्हणजे कृत्रिम रेतनापेक्षा, गावचा वळू बरा.

यातला ‘वांझ’ हा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यापायी चांगली जनावरे दावणीवरून उठतात. आयर्लंडमधील डिस्किन, श्रीनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गायींच्या गर्भनाशावर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या मांडणीनुसार मध्यम दूध देणाऱ्या गायींमध्ये एका रेतनानंतर सुमारे 90 टक्के वेळा फलन होते. वासरू मात्र सुमारे 55 टक्के वेळाच जन्मते. मधली गळती बहुतांशी आठव्या ते सोळाव्या दिवसांत होते. या काळात गर्भ जेमतेम दिसण्याएवढ्या ठिपक्यापासून लांबत जाऊन दोऱ्यासारखा होतो आणि इंटरफेरॉन-टाऊ नावाचे प्रथिन स्रवू लागतो. ते पुरेसे स्रवले तर गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाला आळा बसतो, अंडाशयावरील पीतपिंड (गर्भ टिकवणारी गाठ) टिकतो आणि गाय माजावर येत नाही. गर्भ दुबळा असला किंवा मागे पडला तर पीतपिंड विरघळतो, आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास गाय पुन्हा बळस (माजाचा चिकट स्राव) टाकू लागते. मालकाला वाटते, बीज लागलेच नाही. प्रत्यक्षात ते लागून गेलेले असू शकते. आता साधा हिशेब करावा. धडधाकट गाय एका रेतनात निम्म्या वेळा ठरते असे धरले, तरी सलग दोनदा उलटण्याची शक्यता चारात एक येते. संदेश लिहिणाऱ्याच्या नियमाने दर चार निरोगी गायींमागे एक बाजारात जाईल. तीन वेळा उलटली तर पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासून घ्यावे, हे मात्र खरे.

उन्हात चालवण्याचा सल्ला वाचून तर राग आवरला नाही. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे काय? फ्लोरिडात 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गायींना रेतनानंतर वेगवेगळ्या दिवशी उष्णतेचा ताण दिला, तेव्हा पहिल्याच दिवशीच्या ताणाने गर्भांची वाढ स्पष्टपणे खुंटली. तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशीच्या ताणाने तसे घडले नाही. म्हणजे संदेश नेमका सर्वांत नाजूक दिवस उन्हात घालवायला सांगतो. भरवलेल्या गायीला बाभळीच्या सावलीत पाण्यापाशी बांधावे. ती खाली बसली म्हणून बीज बाहेर पडत नाही, कारण ते गर्भाशयात सोडलेले असते.

गव्हाच्या परीक्षेत थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. गाभण गायीच्या पातळ केलेल्या मूत्रात गव्हाची उगवण कमी होते, असे काही प्रयोगांत आढळले आहे. पण ‘पातळ केलेल्या’ हा शब्द संदेशातून गळला आहे. निव्वळ मूत्रात गहू घातला तर तो जवळपास कोणत्याही गायीच्या मूत्रात करपेल, आणि गोठ्यातली भाकडही गाभण ठरेल. गंमत अशी की प्राचीन इजिप्तमध्ये हीच परीक्षा स्त्रियांसाठी होती आणि तिथे धान्य उगवले तरच गर्भ आहे, असे मानत.

उरलेले दावे थोडक्यात. गोठवलेले बीज मेलेले नसते. ग्लिसरॉल या द्रवामुळे ते गोठूनही जगते, हे 1950 च्या दशकापासून माहीत आहे. मात्र बीज साठवायच्या कंटेनरमधला द्रव नायट्रोजन संपला, किंवा रेतमात्रा (बीजाची नळी) कोमट पाण्यात न वितळवता खिशात धरून गरम केली, तर ते खरोखर मरू शकते. तेवढी तक्रार रास्त आहे. तपासणीचा धोका अडाणी हाताचा असतो. शिकलेल्या हाताने दोन महिन्यांनंतर तपासल्यास भीतीचे कारण नाही. आणि गावभर फिरणारा वळू विब्रिओसिस व ट्रायकोमोनियासिस या रोगांचा वाहक असू शकतो, ज्यांत गर्भ लवकर मरून गायी वारंवार उलटतात. जो दोष संदेशाने सुईला चिकटवला, तो अनेकदा तिथून येतो.

राहिली मामांची गाय. खोदून विचारल्यावर कळले की दोन्ही वेळा तिने सकाळी माज दाखवला होता, मामा दिवसभर कपाशीत होते, रात्री फोन केला आणि रेतन झाले दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळी माज दिसला तर त्याच सायंकाळी आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी भरवावे, हा नियम नेब्रास्कातील ट्रिंबर्गर यांच्या 1940 च्या दशकातील कामातून आला आहे. माज ओसरल्यावर दहा-बारा तासांत स्त्रीबीज सुटते आणि ते फार वेळ टिकत नाही. मामांची सुई पोचेपर्यंत बहुधा वेळ टळून गेली होती. ढेप आणि खनिज मिश्रण चालू आहे, बळस स्वच्छ आहे. गाय विकणे तूर्त थांबले असून पुढच्या माजाची तारीख मामींनी गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवली आहे.