एकच रायफल घ्यायची तर कोणती? तिकटीवर रंगलेला वाद

संज्या डॅलसहून सुट्टीवर आला की कोल्हापुरात मिरजकर तिकटीवरचा आमचा कट्टा लवकर उठत नाही. यंदा त्यानं बसायच्या आधीच मोबाइल पुढं केला.

"संकटाच्या वेळेला म्हणून एकच रायफल घेणाराय. २०२१ च्या गारठ्यात लाइट गेली तेव्हाच ठरवलं. एआर-१५, पुढची गोळी आपोआप भरणारी. वर दुर्बीण, खाली पकड, बाजूला टॉर्च, शिवाय लेसर."

"आन् कपबशी कुठं ठेवायची?" आबांनी विचारलं.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. हत्याराबद्दल बोलताना त्यांचा आवाज कधी चढत नाही, म्हणून मला त्यांचंच खरं वाटतं. संज्याचं ज्ञान सगळं व्हिडिओतलं. त्यात बंदूक झाडणारा कायम काळा गॉगल लावून असतो.

"त्या गारठ्यात टेक्सासात २४६ माणसं गेली म्हणतात. कशानं?"

"बहुतेक थंडीनंच. पण आबा, उद्या दुकानं रिकामी झाली, पोलीस फिरकले नाहीत तर?"

"मग आधी रजई, पाणी, शिधा. ते सगळं घरात हाय असं धरू. त्याच्यावर एकच रायफल म्हणशील, तर पॉइंट टू टू, बारक्या गोळीची."

संज्या खो-खो हसला. "चिमण्या मारू काय?"

हे मात्र विक्याला झोंबलं. तो एनसीसीत पॉइंट टू टूच चालवत होता आणि अजून त्या खांद्याची आठवण काढतो. "भावा, जरा जपून. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधनं ब्राँझ आणलं ते पॉइंट टू टूनंच. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली ती पण त्याच्यावरच. कोल्हापुरात बसून ह्याला चिमण्यांची बंदूक म्हणायचं न्हाई."

"ते खेळाचं झालं, मी पोटाचं बोलतोय," म्हणत आबांनी भज्यांचा कागद उलटा केला आणि पेनानं लिहायला लागले. पाचशे गोळ्यांचं वजन: पॉइंट टू टू, पावणेदोन किलोच्या आसपास. एआरच्या, सहा किलो. हरणाबिरणाला वापरतात त्या थ्री झीरो एटच्या, बारा किलो. तेलकट कागदावर शाई नीट उमटेना, तरी त्यांनी बारावर दोनदा गोल केला.

"घर सोडायची वेळ आली तर हे कुणाच्या पाठीवर देणार? २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांवर गेली, तवा तुझ्या आईला शाहूपुरीतनं आम्ही होडीत घेतलं. वहिनींच्या पिशवीत काय होतं? बीपीच्या गोळ्या, रेशनकार्ड आन् एक सुकं लुगडं. तू तिकडनं व्हिडिओ पाठवा, व्हिडिओ पाठवा करत होतास."

संज्यानं भजी उचललं आणि परत ठेवलं.

पॉइंट टू टूची खोडही आबांनी लपवली नाही. एखादी गोळी फुटतच नाही, रिकामं काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, आणि टेक्सासात हरणावर ती चालवायला कायद्यानंच बंदी. पण ससा, खार तिच्यावर मिळते. आवाज कमी, धक्का जवळपास नाही, त्यामुळं घरातलं कुणीही शिकू शकतं. आणि लहान म्हणून हयगय करायची नाही, गोळी दीड-दोन किलोमीटर जाते. मागं काय आहे ते बघूनच घोडा दाबायचा.

"समोर अस्वल आलं तर?" पिंट्या.

"मग मोठी घे, पण दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची घे. कॅनडाच्या बर्फात लष्कराच्या रेंजर लोकांनी १९४७ पासनं सत्तर वर्षं थ्री नॉट थ्री वापरली. बदलली तवा पण बोल्टवालीच घेतली. थंडीत ग्रीस घट्ट झालं की आपोआप चालणारी आधी रुसते. आन् कुठलीही घे, महिन्याला शंभर गोळ्या झाडल्या न्हाईस तर ती भिंतीवरच बरी."

माझ्या मते वाद इथंच मिटला होता. पैसे दुर्बिणीवर घालायचे की सरावाच्या गोळ्यांवर, एवढाच प्रश्न होता, आणि संज्यानं उभ्या आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही.

तेवढ्यात विक्यानं विचारलं, "तुझा व्हिसा कुठला रे?"

"एच-वन-बी, नोकरीवाला."

"मग बोंबललं. त्या व्हिसावर तिकडं बंदूक जवळ ठेवायची म्हणजे केंद्राचा गुन्हा. शिकारीचं लायसन असलं तरच सूट."

संज्याचा चेहरा पडला. "ग्रीन कार्ड आलं की घेतो."

"मग दुर्बीण तेवढी आत्ताच घे," आबा म्हणाले, "कार्ड कुठवर आलंय बघायला!"

चहावाल्यासकट सगळे हसले. त्यात पिंट्याला जोतिबाच्या यात्रेतला संज्या आठवला: छर्र्याची बंदूक, समोर सगळे फुगे शाबूत, आणि स्टॉलवाल्याचा आरसा फुटलेला. "नळी वाकडी होती!" असं संज्या अजून ओरडून सांगतो.