अवघड बटणं म्हणजे जास्त स्किल? एका लाडक्या दाव्याचा प्रतिवाद

दावा तुम्ही वाचलेलाच असणार, कारण तो दर काही महिन्यांनी नव्या यादीच्या रूपात परत येतो. सर्वाधिक स्किल लागणारे फायटिंग गेम कोणते? पहिल्या नंबरावर ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’, मग ‘टेकन’, मग ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’, कधीमधी ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’. तळाला ‘स्ट्रीट फायटर ६’ आणि त्याच्यापुढे एक तिरकस शेरा, की हा आता कोणीही खेळावा. कारणं साधारण पाच दिली जातात. इनपुट, म्हणजे मूव्हसाठी लागणारा स्टिक आणि बटणांचा क्रम, जितका अवघड तितकं स्किल जास्त. थर्ड स्ट्राइकची ती प्रसिद्ध पॅरी, म्हणजे येणारा फटका नेमक्या क्षणी स्टिक टिचकवून नुकसानीशिवाय परतवणं, हा त्याचा पुरावा. मॉडर्न कंट्रोलने स्किल संपवलं. मूव्ह जितक्या जास्त तितका गेम खोल. आणि जिथे तेच ते लोक जिंकतात तोच खरा स्किलचा गेम.

यादीच्या क्रमाशी माझं फारसं भांडण नाही. मेली खुशाल वर असू द्या. कारणं मात्र एकेक करून तपासली तर बहुतेक टिकत नाहीत, आणि एकदोन तर यादीवरच उलटतात.

“इनपुट जितका अवघड, तितकं स्किल जास्त”

यादीचा पायाच हा, म्हणून इथे जरा थांबावं लागेल. टेकनमधल्या मिशिमा घराण्याचं ‘इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट’ घ्या. स्टिक पुढे, मग सोडून मध्यावर, मग खाली, मग खाली-पुढे तिरपी. आणि ही तिरपी दिशा ज्या फ्रेमला लागते त्याच फ्रेमला उजव्या ठोशाचं बटण. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. बटण एका फ्रेमने उशिरा पडलं की वीज चमकत नाही, साधा ठोसा निघतो. इलेक्ट्रिक ब्लॉक झालं तरी पुढचा डाव मारणाऱ्याच्याच हातात राहतो. साधा ठोसा ब्लॉक झाला तर उलट मार खायची पाळी येते. हे ज्याने घोटून घोटून हातात बसवलंय त्याच्याबद्दल आदर वाटायलाच हवा.

पण हे अवघडपण समोर कोणी नसतानाही तेवढंच असतं. सराव मोडमधला पुतळा असो की जगज्जेता, इनपुट तोच. एकदा हात बसला की बसला. ज्या पातळीवर दोघांचेही हात बसलेले असतात तिथे निकाल त्यावर लागतच नाही; कधी मारलं आणि कधी मोह आवरला, यावर लागतो.

याची कसोटी आपोआपच झालेली आहे. ‘स्ट्रीट फायटर ४’ मधले कितीतरी महत्त्वाचे कॉम्बो (मध्ये सुटका न देता एकामागोमाग लागणारे फटके) एका फ्रेमच्या लिंकवर उभे होते. पुढचा फटका नेमक्या त्या एका फ्रेमला पडला तर कॉम्बो, नाहीतर काही नाही. खेळाडूंनी त्यावर ‘प्लिंकिंग’ शोधून काढलं: हव्या त्या बटणामागोमाग लगेच दुसरं, कमी प्राधान्याचं बटण दाबायचं, की गेम पहिलं बटण लागोपाठ दोन फ्रेम नोंदवतो. म्हणजे अवघडपणाला पळवाट निघाली आणि तीच सगळ्यांनी पाठ केली. २०१६ साली ‘स्ट्रीट फायटर ५’ आला तेव्हा तर गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीनेच लिंक सैल केल्या. दावा खरा असता तर जुन्या मातब्बरांची सद्दी तिथे संपायला हवी होती. झालं काय? २०११ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या वार्षिक स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ४’ जिंकलेला जपानचा फूडो २०१६ च्या इव्होत ‘५’ च्या अंतिम फेरीत होता. तो हरला कोरियाच्या इन्फिल्ट्रेशनकडून, ज्याने २०१२ साली इव्होला ‘४’ जिंकलेला होता. लिंक गेल्या, माणसं तीच राहिली.

आता मेली. इथे दाव्याच्या बाजूने बोलायला जागा आहे, आणि गंमत म्हणजे यादीवाले नेमकं तेच बोलत नाहीत. ते एल-कॅन्सल आणि वेव्हडॅश (जमिनीवर घसरत सरकण्याची युक्ती) यांची नावं घेऊन मिनिटाला किती बटणं दाबली ते मोजत बसतात. खरी गोष्ट अशी, की मेलीत मार खाणारा माणूस नुसता मार खात नाही. फटका बसताना स्टिक कुठे धरली त्यावर तो उडून कुठे जाणार हे बदलतं. त्यामुळे मारणाऱ्याला पाठ केलेला कॉम्बो पुरत नाही. दर फटक्यानंतर समोरचा कुठे चाललाय ते बघून पुढची चाल तिथल्या तिथे रचावी लागते. एल-कॅन्सलचंही तसंच. हवेतून हल्ला करत खाली येताना जमिनीला टेकण्याआधीच्या ७ फ्रेमांत शील्डचं बटण दाबलं तर उतरल्यावरचा अडकून राहण्याचा वेळ निम्मा होतो. पण तोच हल्ला कशाला तरी लागला, तर दोघंही क्षणभर गोठतात आणि टेकण्याची वेळ पुढे सरकते. लागणार की हुकणार याचा अंदाज बोटांना आधीच हवा. मेलीतलं अवघडपण असं समोरच्या माणसात गुंतलेलं आहे, म्हणून मी त्याला मानतो.

आणि तरीसुद्धा २०१७, २०१८ आणि २०१९ या तिन्ही वर्षी मेलीच्या जागतिक क्रमवारीत पहिला कोण होता? हंग्रीबॉक्स. त्याचं पात्र जिग्लीपफ. फॉक्स या वेगवान पात्राच्या तुलनेत जिग्लीपफला बोटांची कसरत कितीतरी कमी लागते. हवेत तरंगत अंतर राखायचं, समोरच्याची चूक होईपर्यंत दम धरायचा आणि चूक झाली की सोडायचं नाही. प्रेक्षकांनी त्याला कंटाळवाणा म्हणून घेतलं, पण हरवणारे थोडेच निघाले. बोटांच्या सर्वात अवघड गेमचा तीन वर्षांचा राजा बोटांना सगळ्यात कमी त्रास देणाऱ्यांपैकी होता. दाव्याने याचं उत्तर द्यावं.

“इव्हो २००४ ची पॅरी बघा, मग बोला”

बघितली. सगळ्यांनीच बघितली आहे. दाइगो उमेहाराच्या केनची लाइफ संपल्यात जमा, जस्टिन वाँगची चुन-ली सुपर, म्हणजे साठवून ठेवलेला मोठा हल्ला, सोडते, ब्लॉक केलं तरी त्या किरकोळ नुकसानीने केन मरणार. दाइगो पंधराच्या पंधरा लाथा पॅरी करतो, शेवटची तर हवेत उडी घेऊन, आणि उलट कॉम्बो मारून राउंड जिंकतो.

या क्लिपमध्ये बोटं करतायत काय? स्टिक पुढे टिचकवतायत, ठरावीक तालात. ताल अवघड आहे, पण पाठ होण्यासारखा आहे. सराव मोडमध्ये ही मालिका जमवलेले खेळाडू भरपूर आहेत. जे सरावात जमवता येत नाही ते पहिल्या लाथेत आहे. सुपर सुटल्याची चमक दिसल्यावर पहिली पॅरी करायला वेळच उरत नाही, म्हणजे चुन-ली सुपर सोडण्याआधीच दाइगोची स्टिक पुढे जायला हवी. जस्टिन आत्ताच सोडणार, हे त्याने ओळखलेलं होतं. तोही उगाच नाही: अशा अवस्थेत केनला संपवायचा सरळ मार्ग ती सुपरच होती, आणि दाइगो तिच्या अंतरावर जाऊन जणू वाटच बघत होता. अवघड इनपुटचा पुरावा म्हणून दाखवली जाणारी क्लिप माणूस वाचण्याचा पुरावा निघते. जाता जाता, ती मॅच लूझर्स फायनलची, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या गटातल्या अंतिम सामन्याची. थर्ड स्ट्राइकचं त्या वर्षीचं विजेतेपद दाइगोला मिळालं नाही.

“मॉडर्न कंट्रोलने स्किल संपवलं”

‘स्ट्रीट फायटर ६’ २०२३ साली आला. त्याच्या मॉडर्न कंट्रोलमध्ये एका बटणावर स्पेशल मूव्ह (एरवी स्टिक फिरवून काढायचा खास हल्ला) निघते, हे खरं. यादीवाले पुढचं सांगत नाहीत. त्या एका बटणाच्या स्पेशलचं डॅमेज २० टक्क्यांनी कमी असतं आणि पात्राचे काही साधे फटके मिळतच नाहीत. बदल्यात समोरचा उडी मारून आला की खाली पाडणं सोपं होतं, सुपरही क्षणात निघते. ही सूट मोठी आहे, आणि ती जरा जास्तच आहे असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण मोठ्या स्पर्धांच्या शेवटच्या फेऱ्यांत अजून क्लासिकचीच, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कंट्रोलचीच गर्दी असते. मॉडर्नवाल्याकडून हरल्यावर कंट्रोलला शिव्या देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं नाचता येईना अंगण वाकडं असंच असतं.

स्किल कुठे आहे ते पाहायचं तर कोपऱ्यात अडकलेला माणूस बघा. त्याला पाडलंय, तो उठतोय, समोरचा अगदी जवळ उभा आहे. या गेममध्ये थ्रो (पकडून आपटणं, ज्यापुढे ब्लॉक चालत नाही) ५ फ्रेमांत निघतो, म्हणजे सुमारे ८३ मिलिसेकंदांत. डोळ्याने बघून बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. थ्रो बघून सोडवणं कोणाच्याच बापाला शक्य नाही. (ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार पण सावकाश हल्ला २६ फ्रेमांचा, तो बघून अडवता येतो, आणि तरीही दमलेल्या डोक्याला तो लागतोच.) मग उठणाऱ्याने करायचं काय? ब्लॉक धरला तर थ्रो बसेल. थ्रो सोडवायचं बटण आधीच दाबलं आणि समोरचा अर्धं पाऊल मागे सरकला, तर याचाच थ्रो हवेत जाईल आणि मोठा कॉम्बो पडेल. उडी मारली तर साधा फटका वर पकडेल. अजिंक्य रिव्हर्सल (उठता उठता काढायचा, निघताना मार न लागणारा हल्ला) काढलं आणि त्याने ब्लॉक केलं, तर राउंड गेल्यासारखाच. यातला एकही पर्याय एका बटणाने सोपा होत नाही. याला ‘नुसता अंदाज’ म्हणणारे म्हणतात, पण चांगला खेळाडू मागच्या तीन वेळा तुम्ही काय केलं हे लक्षात ठेवून असतो. शिवाय तुमच्याकडे ड्राइव्ह (खास चालींसाठी खर्च होणारी ऊर्जा) किती उरलाय, लाइफ किती, घाबरून तुम्ही कुठलं बटण दाबता, हेही.

‘डाइव्हकिक’ नावाचा २०१३ चा गेम आहे, थट्टेतून जन्मलेला. बटणं दोन: एकाने वर उडी, दुसऱ्याने तिरपी लाथ. स्टिकच नाही. एक लाथ लागली की राउंड संपला. इनपुट शून्याच्या जवळ, तरी सरावलेला माणूस नवख्याला पुन्हा पुन्हा हरवतो. आता डाइव्हकिक टेकनइतका खोल आहे असं मी म्हणणार नाही. त्याचा तळ लवकर लागतो. पण तळ लवकर लागतो तो पर्याय थोडे आहेत म्हणून. बोटं मोकळी असल्याचा त्यात दोष नाही.

“मूव्ह जितक्या जास्त, तितका गेम खोल”

टेकनमध्ये एकेका पात्राच्या शंभराच्या वर मूव्ह, ‘टेकन ८’ सुरुवातीलाच ३२ पात्रांचा. हे सगळं पाठ करावं लागतं आणि न केल्यास मार पडतो, यात शंका नाही. पण पाठांतर आणि खेळ यांत फरक आहे, आणि टेकनचे दर्दी तो आपल्यापेक्षा चांगला ओळखतात. त्यांच्या तोंडी मूव्हलिस्टपेक्षा पावलांची भाषा जास्त असते: मागे सरकणं, बाजूला वळणं, समोरच्याचा फटका बोटभर हुकवून मग मारणं. मुद्दा इथेच संपतो.

“तेच ते जिंकतात, म्हणून स्किल”

ऐकायला हा सगळ्यात शास्त्रीय वाटतो. मेलीत वर्षानुवर्षं मोजक्या पाच जणांची सत्ता होती, त्यांना ‘पाच देव’ म्हणायचे. स्ट्रीट फायटर ६ मध्ये इव्होचा विजेता दर वर्षी वेगळा. म्हणजे तिथे नशीब चालतं.

आधी आकडे. २०२३ च्या इव्होत एकट्या ‘स्ट्रीट फायटर ६’ साठी सात हजारांहून अधिक खेळाडू उतरले होते, आणि शेवटच्या फेऱ्यांपर्यंतच्या मॅच तीनपैकी दोनच्या. इतक्या गर्दीत, इतक्या छोट्या मॅचमध्ये दर वर्षी एकच माणूस वर येणं हेच आश्चर्य ठरलं असतं. मग नावं. २०२३ ला अँग्रीबर्ड, २०२४ ला पंक, २०२५ ला मेनाआरडी. यातला एकही वाटेवरून उचलून आणलेला नाही. पंक २०१७ साली इव्होच्या अंतिम सामन्यात टोकिडोकडून हरला होता, मेनाआरडीने त्याच वर्षी कॅपकॉम कप जिंकला होता. नशिबाचा गेम असता तर सात-आठ वर्षांनी, वेगळ्या गेममध्ये, पुन्हा हीच नावं वर आली नसती.

आणि आता गंमत. ‘टेकन ८’ वर जुने खेळाडू रागावलेले आहेत. हीटमुळे, म्हणजे थोडा वेळ हल्ल्याला जोर देणाऱ्या नव्या सोयीमुळे, सगळा अंदाजपंचे कारभार झाला, अशी तक्रार. त्या टेकन ८ मध्ये २०२४ आणि २०२५ ची इव्हो एकाच माणसाने जिंकली, पाकिस्तानच्या अर्सलान ॲशने. २०२३ ची टेकन ७ ची पण त्यानेच. दाव्याचा नियम लावायचा तर ‘अंदाजपंचे’ टेकन ८ यादीत सर्वात वर न्यावा लागेल. हाच अर्सलान २०१९ च्या इव्हो जपानला आला तेव्हा टेकनचं शिखर म्हणजे कोरिया, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तो ती स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी लास वेगासच्या इव्होत अंतिम सामन्यात कोरियाच्या ‘नी’ या खेळाडूला हरवलं. तेच ते लोक जिंकत होते, कारण ज्यांच्याशी गाठ पडायला हवी ते अजून स्पर्धेला पोहोचलेच नव्हते.

शेवटचं यादीत जे नाही त्याबद्दल. ‘व्हर्च्युआ फायटर’ अशा याद्यांत सहसा दिसत नाही. १९९३ पासून स्टिक आणि तीन बटणं: गार्ड, ठोसा, लाथ. ‘व्हर्च्युआ फायटर ४’ मध्ये अडचणीत सापडलेला खेळाडू बाजूला सरकता सरकता एकाहून अधिक दिशांचे थ्रो एस्केप (थ्रो सोडवायचे इनपुट) टाकून परत गार्डवर येतो, आणि समोरच्याला त्याने कुठल्या दिशा सोडल्या ते ओळखून थ्रो निवडावा लागतो. हे सगळं एका दमात, दर वेळी. वर अकिरा या पात्राची ती गुडघ्याची मूव्ह: लाथ आणि गार्ड एकत्र दाबून गार्ड एका फ्रेमनंतर सोडायचा. म्हणजे यादीवाल्यांच्या स्वतःच्या निकषावरही हा गेम वर यायला हवा. फूडो स्ट्रीट फायटरमध्ये आला तो याच मालिकेतून.